नाममुद्रा आणि सांधा : एका बिलियर्ड क्यूच्या निमित्ताने

मराठीचे अध्यापन करणाऱ्या दोघांनी बिलियर्डच्या काठीवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही दोघांनीही आयुष्यात कधी त्या हिरव्या टेबलाला हात लावलेला नाही. परंतु एम. ए.च्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे पाठचिकित्सा शिकवीत आलो आहोत. आणि आमच्या एका माजी विद्यार्थ्याने एक दिवस खाकी कापडाच्या खोळीत गुंडाळलेला क्यू आमच्यासमोर ठेवला, तेव्हा आपण वर्गात जे सांगतो ते कागदाबाहेरच्या वस्तूला कितपत लागू पडते, याची परीक्षा आपोआपच सुरू झाली. त्या परीक्षेची ही हकीकत आहे.

विद्यार्थी मुलुंडचा. त्याचे आजोबा दक्षिण मुंबईतील एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मोजणारा, टेबलावरचे कापड घासूनपुसून ठेवणारा, चेंडू मांडून देणारा, क्यूंची देखभाल करणारा आणि वेळप्रसंगी सभासदाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळणारा नोकर. घरात चालत आलेली कथा अशी, की लिंड्रम नावाच्या साहेबाने हिंदुस्थान सोडून जाताना आपला आवडता क्यू आजोबांना बक्षीस दिला. पुरावा म्हणून क्यूच्या मुठीवरच्या पांढरट चकतीकडे बोट दाखवले जाई. तीवर लिंड्रम हे नाव स्पष्ट कोरलेले होते. विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि शुल्काची तजवीज व्हायची होती. ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा जो मोठा बाजार आहे, तेथील एका व्यापाऱ्याने क्यू पाहून तो 'सव्वाशे वर्षांपूर्वीचा, हस्तिदंती चकतीचा, खुद्द लिंड्रमच्या हातातला' असल्याचे सांगितले होते आणि परदेशी गिऱ्हाईक मिळवून देण्याची तयारी दाखवली होती. त्याचा अंदाज खरा असता, तर शुल्काचा प्रश्न सुटत होता. मात्र त्याची एक अट होती. क्यूच्या मधोमध बसवलेला पितळी पेच आणि टोकाची पितळी टोपी ही 'मागाहूनची घाण' काढून, काठी तासून, नव्याने पॉलिश करून घ्यायची. "सर, मॅडम, तुम्ही जुन्या पोथ्या तपासता, हेही बघा," असे म्हणून विद्यार्थ्याने क्यू आमच्या हवाली केला.

या खेळाचा आणि त्याच्या हत्याराचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारण वस्तूचे वय ठरवायचे तर तिची कुळकथा आधी माहीत हवी. आरंभी बिलियर्ड्समध्ये चेंडू ढकलण्यासाठी जाड डोक्याची, वाकड्या मानेची काठी वापरीत. चेंडू कडेला टेकलेला असला की ते जाड डोके आडवे येई. तेव्हा खेळाडू काठी उलटी करून तिच्या शेपटाने चेंडू मारीत. फ्रेंच भाषेतील 'शेपूट' या अर्थाच्या शब्दावरूनच 'क्यू' हे नाव आले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिंगो नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने क्यूच्या टोकाला चामड्याची टिकली बसवली आणि चेंडूला फिरकी देणे शक्य झाले. लंडनच्या थर्स्टन या कारखान्याने १८२६ पासून टेबलांना पाटीच्या दगडाचा तळ देण्यास सुरुवात केली, पुढे कडांना रबर आले आणि खेळाला आजचे रूप मिळाले. थर्स्टनप्रमाणेच १८३६ मध्ये स्थापन झालेल्या बरोज अँड वॉट्स या कंपनीचे क्यू आणि टेबले साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचली.

स्नूकर हा या खेळाचा धाकटा भाऊ तर जन्माने हिंदुस्थानीच. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो खेळ प्रथम मांडला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम स्थिरावले, असे मानले जाते. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या जन्मकथेचा मुख्य आधार म्हणजे स्वतः चेंबरलेन यांनी १९३८ मध्ये 'द फील्ड' या नियतकालिकास लिहिलेले पत्र. घटना आणि तिची नोंद यांत ६३ वर्षांचे अंतर आहे. तरीही ती कथा स्वीकारली गेली. म्हणजे स्मृतीला पुरावा मानण्याची या खेळाच्या इतिहासालाही सवय आहे. फरक इतकाच, की साहेबाची स्मृती नियतकालिकात छापली गेली आणि मार्करची स्मृती मुलुंडच्या दोन खोल्यांत राहिली.

मुंबईत हा खेळ रुजला तो क्लब आणि जिमखान्यांत. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात स्वातंत्र्यापूर्वी युरोपियनांनाच सभासदत्व असे. पुढे पारशी, हिंदू, मुसलमान यांचे स्वतंत्र जिमखाने उभे राहिले. १९३३ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले जागतिक अजिंक्यपद मिळाले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७ नंतर ही परंपरा पुढे नेली. विजेत्यांचा हा इतिहास नोंदलेला आहे. ज्यांनी त्या टेबलांवरची कापडे ताणली, क्यूंच्या टिकल्या चिकटवल्या, फळ्यावरचे गुण सरकवले, त्यांचा इतिहास क्लबांच्या भिंतींवरील सोनेरी अक्षरांच्या पाट्यांवर शोधू गेल्यास सापडत नाही. तो सापडला तर वस्तूंवरच सापडण्याचा संभव. ही गोष्ट आम्हांलाही आरंभी सुचली नव्हती.

आम्ही प्रथम वळलो ते चकतीकडे, म्हणजे नावाकडे. हा अभ्यासकाचा नेहमीचा मोह आहे. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' आले की तो तुकोबांचा, 'नामा म्हणे' आले की तो नामदेवांचा, असे आपण सहज धरून चालतो. परंतु नाममुद्रा ही कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे, हे नामदेवांच्या गाथेने आपल्याला केव्हाच शिकवले आहे. विष्णुदास नामा याची रचना त्या गाथेत मिसळली आणि दोघांचे वेगळेपण दाखवता दाखवता संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. क्यूवरच्या नावाचेही असेच आहे. वॉल्टर लिंड्रम हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू. बिलियर्ड्सच्या इतिहासातील बहुधा सर्वांत थोर. परंतु त्याचे नाव असलेले क्यू बाजारात सर्रास विकले जात, जसे आज एखाद्या फलंदाजाच्या सहीच्या बॅटी विकल्या जातात. अशा क्यूवरचे नाव ही मालकाची खूण नसते. ती विक्रेत्याची मुद्रा असते. साहेबाचे नाव लिंड्रम होते म्हणून ते चकतीवर आले, असे घरातील मंडळी मानत होती. घडले होते ते नेमके उलट. चकतीवर लिंड्रम होता म्हणून कथेतील निनावी साहेबाला ते नाव मिळाले होते. साहित्याच्या इतिहासात अशा उलट्या प्रवासाची उदाहरणे थोडी नाहीत.

पण चकती निरुपयोगी ठरली असे नव्हे. नावाखाली एक आकडा होता : ४१३७. हा लिंड्रमचा विश्वविक्रम. १९३२ च्या जानेवारीत लंडनच्या थर्स्टन सभागृहात जो डेव्हिसविरुद्ध खेळताना त्याने एका डावात सलग ४,१३७ गुण केले होते. साहजिकच ही चकती त्यापूर्वीची असणे शक्य नाही. व्यापाऱ्याची सव्वाशे वर्षे या एका आकड्याने खाली आली. पोथीत शके १५०० मधील एखाद्या घटनेचा उल्लेख आला, तर ती पोथी शके १४०० ची असू शकत नाही; तोच हा साधा न्याय. कारखान्यांचे पत्तेही असेच बोलतात. थर्स्टनचे सभागृह लेस्टर चौकात १९०१ मध्ये सुरू झाले आणि १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. त्यामुळे लेस्टर चौकाचा पत्ता असलेली थर्स्टनची चकती व्हिक्टोरिया राणीच्या तरुणपणीची म्हणून कोणी विकू लागला, तर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरी हवी. आकडा चकतीचे वय सांगतो. काठीचे सांगत नाही. जुन्या मोडक्या क्यूची चकती काढून ती सामान्य काठीवर बसवणे हा बनावटगिरीचा सोपा मार्ग आहे. म्हणून चकती बसवलेली खाच पाहावी लागते. आमच्या क्यूवर खाचेच्या कडा आणि चकती यांच्यामध्ये फट नव्हती आणि लाखेच्या जुन्या पॉलिशचा थर लाकडावरून चकतीच्या कडेवर अखंड उतरला होता. चकती मागाहून बसवलेली असती, तर हा थर कडेपाशी तुटलेला दिसला असता. चकती आणि मूठ एकाच वेळची होती, असे मानण्यास मग हरकत राहिली नाही.

यानंतर सांधा. जाणकार जुना क्यू हातात घेतात तेव्हा नावाआधी सांधा पाहतात, हे आम्हांला मागाहून कळले. क्यूचा दांडा ॲश किंवा मेपल या लाकडांचा आणि मूठ आबनुसासारख्या काळ्या, जड लाकडाची असते. ही दोन लाकडे जेथे मिळतात तेथे मुठीभोवती चार टोकदार किंवा कमानदार आकार दिसतात. हाताने सांधताना कारागीर दांड्याच्या चार बाजू रंध्याने सपाट करतो, त्यांवर काळ्या लाकडाचे तुकडे एकेक करून सरसाने बसवतो आणि मग सगळे तासून गोल करतो. सपाट पृष्ठ गोल होत जाताना त्या तुकड्यांच्या कडा आपोआप कमानीसारख्या वळतात. यंत्राने सांधताना दोन्ही लाकडांना दात पाडून ते एकमेकांत अडकवतात. तेव्हा टोके सरळ, अणकुचीदार आणि चारही एका उंचीची येतात. यंत्राचा सांधा विसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाला.

आमच्या क्यूची चारही टोके सुईसारखी होती. ते पाहून आम्ही घाईने निष्कर्ष काढला, की क्यू बनावट आहे. ही चूक सांगण्यासारखी आहे, कारण ती आम्ही पोथ्यांच्या बाबतीतही केली आहे. 'जुने ते हाताचे, नवे ते यंत्राचे' हे सूत्र मनात धरून आम्ही वस्तू तपासत होतो. वास्तविक १९३२ नंतर दुकानातून विकल्या गेलेल्या सामान्य क्यूला यंत्राचाच सांधा असणे अपेक्षित आहे. उलट महागडे क्यू आजही हाताने सांधले जातात. म्हणजे कमानदार सांधा हा प्राचीनतेचा दाखला होऊ शकत नाही. वस्तू खरी की खोटी हे ती स्वतःविषयी जे सांगते त्याच्याशी ताडून ठरवायचे असते. आमचा क्यू स्वतःविषयी इतकेच सांगत होता, की मी लिंड्रमच्या विक्रमानंतरचा, त्याच्या नावाने विकला गेलेला माल आहे. त्याने कसलाही खोटा दावा केला नव्हता; खोटा दावा त्याच्या वतीने इतरांनी केला होता.

तिसरा साक्षीदार वजन. क्यूच्या मुठीवर पुष्कळदा औंसांत वजनाचा आकडा ठोकलेला असतो. आमच्यावर १६ होता, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. घाटकोपरच्या एका सोनाराच्या काट्यावर क्यूचे दोन तुकडे ठेवले तेव्हा वजन भरले ४९३ ग्रॅम. एकोणचाळीस ग्रॅम कोठून आले? जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक कधीकधी ओव्यांची संख्या नोंदवून ठेवतो. प्रत्यक्ष ओव्या त्याहून अधिक भरल्या, की मधे कोणी भर घातली आहे हे उघड होते. येथेही तसेच झाले होते. काठी मुळात एकसंध होती. पुढे ती कापून मधे पितळी पेच बसवला गेला आणि टोकाला पितळी टोपी आली. वाढीव वजन त्या पितळेचे. या भागांतले पॉलिश निराळे होते, पेचाजवळच्या लाकडाचा रंगही थोडा उजळ होता. लाकूड कापल्यावर ॲशच्या रेषा दोन्ही तुकड्यांत तंतोतंत जुळतात की नाही, हेही आम्ही पाहिले. पेचापाशी बाणाच्या टोकासारख्या रेषा एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ जात होत्या. म्हणजे दोन निराळ्या काठ्यांची ही जोडणी नव्हती. एकच काठी दुभंगली होती.

चौथी परीक्षा चकतीच्या द्रव्याची. हस्तिदंत ओळखण्यासाठी तापवलेली सुई टोचण्याचा उपाय अनेक जण सांगतात. तो कृपया कोणी करू नये, वस्तू कायमची डागाळते. साधे भिंग पुरते. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. कारखान्यात बनवलेल्या नकली द्रव्यात रेषा असल्याच तर त्या समांतर आणि समान अंतरावर असतात, जणू वहीच्या ओळी. आमच्या चकतीवर अशा वहीच्या ओळी होत्या. हस्तिदंताचा प्रश्न तेथे संपला.

पाचवी गोष्ट झिजेची. ही शेवटी सांगत असलो तरी तिचे मोल सर्वांत अधिक. बनावट वस्तूची झीज सगळीकडे सारखी असते. कारण ती पॉलिश कागदाने आणि चहाच्या पाण्याने आणलेली असते. हाताची झीज हात जेथे पडतो तेथेच पडते. दांड्याचा टोकाकडील हातभर भाग डाव्या हाताच्या बोटांवरून सरकत असतो, म्हणून तो गुळगुळीत. मुठीचा पकडीचा भाग तेलकट काळा. आणि बुडाची कड दगडी फरशीवर टेकून टेकून बोथट. टोकाजवळच्या लाकडाच्या रंध्रांत खडूची निळसर पूड कायमची मुरलेली असते. आमच्या क्यूवर हे सर्व होते. शिवाय पितळी टोपीच्या खाली लाकडावर बारीक, तिरप्या, एकाच दिशेने गेलेल्या ओरखड्यांची एक माळ होती. चामड्याची टिकली दर काही महिन्यांनी बदलावी लागते आणि नवी टिकली लाकडाच्या कडेबरोबर येण्यासाठी कानशीने घासावी लागते. प्रत्येक वेळी लाकडाचा एखादा कण जातो. वर्षानुवर्षे खेळात राहिलेला क्यू म्हणून मूळ लांबीपेक्षा किंचित आखूड होतो. ते ओरखडे कानशीचे होते. कानस नेहमी त्याच कोनातून, त्याच हाताने चाललेली होती.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांसाठी येथे थांबणे योग्य होईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले आणि सर्व पर्वे पूर्ण होण्यास १९६६ उजाडले. त्या आवृत्तीने व्यासांची मूळ संहिता सापडल्याचा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून मागे मागे जात जेथवर पोहोचता येते, तेथवरची संहिता तिने वर दिली आणि उरलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढलेला श्लोकही तिने फेकून दिला नाही, कारण तोही कोणत्यातरी काळाचा, कोणत्यातरी प्रांताचा पुरावा आहे. याउलट राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीचे वय किती, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. एकदा 'सर्वांत जुनी' अशी प्रतिष्ठा वस्तूला चिकटली, की तिच्याकडे शांतपणे पाहणे कठीण होते, एवढे तरी त्या वादातून शिकण्यासारखे आहे.

ओशिवऱ्याचा व्यापारी क्यूवरून जे काढून टाकू पाहत होता, ती या काठीची परिशिष्टे होती. त्याच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप करण्याचे कारण नाही. ज्या बाजारात 'मूळ स्थितीतील' या दोन शब्दांवर किंमत ठरते, तेथे दुरुस्ती हा कलंकच मानला जातो. परंतु पितळ काढून, काठी तासून, पॉलिश करून जो क्यू तयार झाला असता, तो १९३० च्या दशकातला राहिला नसता; तो आजचा झाला असता. आणि मग मात्र त्याला बनावट म्हणण्यास जागा होती.

आणखी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. क्यू व्यापारी म्हणत होता तितका जुना आणि उंची असता, तर तो परदेशी विकणे अवघड झाले असते. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही. चकती खरोखरच हस्तिदंताची निघती, तर वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताचा व्यापारच बंद आहे. देशातही तो विकता आला नसता. ज्या गुणांसाठी किंमत मिळणार होती, तेच गुण विक्रीच्या आड येत होते. तो सामान्य असल्यामुळेच विकण्यास मोकळा होता. फक्त मग त्याची किंमतही सामान्य होती.

हे सांगण्यासाठी आम्ही मुलुंडला गेलो. विद्यार्थ्याची आत्या, म्हणजे मार्करची थोरली मुलगी, आता ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही एकेक गोष्ट समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे लिंड्रम साहेब आलाच नव्हता का?" आम्ही म्हणालो, साहेब कोणीतरी असेल; क्यू देणारा कोणी असल्याशिवाय तो घरात आला नसता. त्याचे नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही. त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला, "आणि तो मधे कापला कुणी?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते; ते त्यांच्याच आठवणीतून निघाले. पूर्वी काठी अखंड होती आणि दादा ती खोळीत घालून लोकलमधून आणीत, तेव्हा गर्दीत लोक कुरकुर करीत, असे त्या म्हणाल्या. जवळजवळ पाच फुटांची काठी व्हीटीहून मुलुंडपर्यंत उभ्याने आणायची म्हणजे कुरकुर व्हायचीच. पुढे एका पावसाळ्यात दादांनी ती कुणा ओळखीच्या कातकाम करणाऱ्याकडून कापून आणली, पेच बसवून घेतला आणि रात्री दाराशी बसून बारीक कानशीने टोक घासत राहिले. "खोळ माझ्या आईनं शिवली. त्यांच्याच जुन्या खाकी कोटाची." एवढे बोलून त्यांनी क्यूचा पेच सफाईने फिरवून दोन्ही तुकडे जोडले. आम्हांला तो पेच कोणत्या बाजूने फिरतो हे कळायला दहा मिनिटे लागली होती.

आता ही आठवणही तपासायला हवी, असे कोणी म्हणेल. आणि ते योग्यच आहे. लिंड्रम साहेबाची कथा ज्या घरातून आली, त्याच घरातून ही आली. परंतु दोहोंत फरक आहे. पहिल्या कथेचा आधार चकतीवरचे नाव होते आणि ते नाव तपासाअंती कथेच्या विरुद्ध गेले. दुसऱ्या कथेला ३९ ग्रॅम पितळ, उजळ लाकूड, जुळणाऱ्या रेषा, एकाच कोनातले कानशीचे ओरखडे आणि खाकी कापड असे पाच स्वतंत्र साक्षीदार आहेत. आणि ते आम्ही नोंदवले तेव्हा आत्यांची आठवण आमच्या कानांवर आलेली नव्हती. चेंबरलेन यांच्या पत्राला जर इतिहासात जागा असेल, तर या आठवणीलाही असली पाहिजे.

परत येऊन आम्ही एका पानाचे टिपण लिहिले. चकती : १९३२ नंतरची, कृत्रिम द्रव्याची, मुठीबरोबर बसवलेली. सांधा : यंत्राचा, चकतीच्या काळाशी सुसंगत. दांडा : ॲशचा, मूळचा एकसंध. पेच व टोपी : मागाहूनची, क्यूच्या मार्कराने मुंबईत करून घेतलेली, घरच्या स्मृतीनुसार. टोकावरील कानशीच्या खुणा : बहुतेक त्याच मार्कराच्या हाताच्या. क्यूच्या पहिल्या धन्याचे नाव : अज्ञात. 'अस्सल' हा शब्द आम्ही त्या टिपणात कोठेही वापरला नाही. प्रत्येक भाग आपापल्या काळाशी प्रामाणिक आहे, एवढेच लिहिले.

विद्यार्थ्याने ते टिपण स्वतः नेऊन व्यापाऱ्याला दाखवले. व्यापाऱ्याने ते वाचले, पहिल्या आकड्याच्या चौथाईवर किंमत आणली आणि तीही पेच काढायला परवानगी असेल तर, असे सांगितले. बहिणीचे शुल्क अखेर पतपेढीच्या कर्जातून भरले गेले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. आमच्या निर्णयामुळे त्या घराला तोशीस पडली, याची जाणीव आम्हांला आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. क्यू मुलुंडच्या घरी कपाटावर आहे, टिपणाची घडी खोळीत आहे. यंदा एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सेचा पहिला तास घेताना पोथीऐवजी तोच क्यू मागून आणावा, असे आम्ही ठरवले आहे. आत्यांनी संमती दिली आहे. फक्त पेच विद्यार्थ्यांना फिरवू देऊ नका, आटे झिजतील, असे बजावले आहे.